मधल्या खोलीतली ओल

“…मग भंतेजी, भिंत खोटी की माणूस खोटा, हे ओळखायचं कसं?”

भंते उपसेन विहाराच्या ओट्यावर बसून चिवराचा उसवलेला काठ शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“भिंतीला विचारलंस?”

“भिंत काय बोलणार?”

“आणि माणसाला?”

“माणूस खोटं बोलतो.”

“म्हणजे ती बोलत नाही म्हणून तुला पटत नाही… आणि तो बोलतो म्हणून.”

प्रल्हाद खोब्रागडे गप्प झाला. पटलं म्हणून नाही, राग आला म्हणून.

त्याची सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून गेली होती. वैनगंगेच्या काठच्या त्या तालुक्यात बाजाराच्या दिवशी तो दिसला की दुकानदार हात पुसत उभे राहत. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं लोखंडी वजन, तेलाच्या मापाला तळाशी दिलेला पोचा… डोळ्यांच्या आधी त्याच्या बोटांना कळे. एकदाही त्याची बोटं चुकली नव्हती, असं तो स्वतःच सांगे.

मग तो निवृत्त झाला आणि ती बोटं घरी आली.

घरातली मधली खोली त्याने दुरुस्तीला काढली होती. जुन्या प्लास्टरला पोपडे आले होते. ते त्याने विटांपर्यंत उतरवून घेतलं. केवळराम मिस्त्रीने नवं प्लास्टर केलं, त्यावर रोज पाणी मारलं, मग खोली सुकायला सोडली. तीन भिंती सुकल्या. त्यांच्यावर पुट्टीचा हात फिरला, पॉलिश पेपरने घासून त्या अंड्याच्या कवचासारख्या झाल्या.

चौथी भिंत सुकेना.

पूर्ण भिंत नाही. मधोमध, छातीच्या उंचीवर, परातीएवढा एक डाग. आज फिका वाटे, उद्या पुन्हा काळपट. वर लावलेली पुट्टी फुगे आणि खाली सांडे.

“ओल जमिनीतून चढते,” प्रल्हाद भंतेंना म्हणाला, “नाहीतर छतातून उतरते. ही मधेच कुठून आली? मी जोत्यापाशी खणून पाहिलं, कोरडं. गच्चीवर पाणी साठवून पाहिलं, थेंब नाही. म्हणजे भिंतीचा दोष नाही. कोणीतरी करतंय.”

“कोण?”

“आधी मला केवळराम वाटला. काम लांबलं की त्याची रोजी चालू. वरून रेती खारट आणली असणार. मी त्याला चौकातल्या चहाच्या टपरीवर, चार लोकांत विचारलं. तो तिथूनच काम सोडून निघून गेला. खरा असता तर गेला असता का?”

भंते दोऱ्याला गाठ मारत होते.

“मग शेजारचा हेडाऊ. त्याच्या न्हाणीचा पाइप त्या भिंतीमागून जातो. मी त्याच्या दारात जाऊन बोललो. त्यानं रागारागानं आपली फरशी फोडून पाइप उघडा करून दाखवला. कोरडा. आता बोलत नाही.”

“मग?”

“मग मी खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.” प्रल्हादने खिशावर हात ठेवला. “मी घरी बसून पहारा देतो त्या दिवशी डाग वाळतो. बाजारात, पेन्शनच्या कामाला गेलो की परत येईस्तोवर ओला. कुलूप जसंच्या तसं! म्हणजे माणूसच आहे. आणि माझ्यावर नजर ठेवून आहे.”

“तुझ्यावर नजर…”

“हो.”

भंतेंनी दोरा दाताने तोडला. चिवर झटकलं.

“उद्या येतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. वय झालेलं, पावलं छोटी, पण काठी नाही. या घरात ते पहिल्यांदा येत नव्हते. प्रल्हादच्या मुलीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं… उत्पला.

ती आता या घरात नव्हती. तुमसरला होती. तिने आपल्या पसंतीने लग्न ठरवलं तेव्हा प्रल्हादने मुलाची चौकशी केली होती. चौकशी कसली, झडतीच. त्याच्या गावात माणूस पाठवला, मुलगा काम करायचा त्या दुकानाच्या मालकाला गाठलं, शाळेचे दाखले मागितले. काहीच निघालं नाही, तेव्हा प्रल्हादचा संशय उलट पक्का झाला. इतकं स्वच्छ कोणी नसतं. “त्याची नजर घरावर आहे,” तो म्हणाला होता. उत्पला म्हणाली, “बाबा, त्यानं अजून आपलं घर पाहिलंही नाही.” त्यावर त्याने विचारलं होतं, “हे बोलायला तुला कोणी शिकवलं?”

ती तुमसरच्या विहारात लग्न करून मोकळी झाली. प्रल्हाद गेला नाही. पंचफुलालाही जाऊ दिलं नाही.

पंचफुला म्हणजे त्याची बायको. तिने आता भंतेंना वाकून वंदन केलं आणि बाजूला उभी राहिली. मोठ्याने बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. या घरात मोठ्याने बोलायला एक माणूस पुरेसा होता.

प्रल्हादने कुलूप काढलं.

खोलीत ओल्या सिमेंटचा थंड वास होता. कोपऱ्यात पुट्टीची पोती, उलटी ठेवलेली घमेली, शिडी. बोलणं भिंतींवर आपटून परत येत होतं. चौथ्या भिंतीवरचा डाग त्या दिवशी फिका होता, कारण आदल्या दिवशी विहारातून आल्यापासून प्रल्हाद दारातच बसला होता.

भंते भिंतीसमोर उभे राहिले. हात लावला नाही. वाकून पाहिलं नाही. नुसते उभे.

प्रल्हादला ते लांबलेलं उभं राहणं आवडेना. “काय वाटतं?”

“पाणी,” भंते म्हणाले.

“पाण्याचाच डाग आहे तो, भंतेजी. पण…”

“प्यायचं पाणी.”

पंचफुला लगबगीने आत गेली आणि तांब्या घेऊन आली. भंतेंनी तो दोन्ही हातांनी घेतला. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग वळले आणि तांब्यातलं सगळं पाणी भिंतीवर ओतलं.

नेमकं डागावर.

पाणी प्लास्टरवरून ओघळलं, जमिनीवर पसरलं, प्रल्हादच्या पायांपर्यंत आलं. डाग पुन्हा काळाभोर झाला.

पंचफुलाचा हात तोंडावर गेला.

“भंतेजी!” प्रल्हाद ओरडला. “हे काय केलंत?”

“ही ओल कोणाची?”

“तुमची! दुसऱ्या कोणाची?”

“संशय नाही?”

“संशय कशाला? समोर पाहिलं ना मी!”

“म्हणजे पाहिलं की संशय संपतो.”

“संपणारच.”

“मग पाहा ना.”

“महिनाभर दुसरं काय करतोय मी? काम सोडून, जेवण सोडून पाहतोच आहे!”

“तू राखतोयस,” भंते म्हणाले.

भंतेंनी रिकामा तांब्या पंचफुलाच्या हातात दिला. तिने तो छातीशी घट्ट धरला. प्रल्हादला ते दिसलं, आणि त्याने त्याचा अर्थ लावला तो असा की म्हाताऱ्या भंतेंचं डोकं फिरलं म्हणून ती घाबरली.

दारात भंते थांबले. कुलपाकडे बोट केलं.

“हे काढून टाक.”

“आणि तो आला तर?”

“आला नाही तर दिसेल कसा?”

ते गेल्यावर प्रल्हाद कितीतरी वेळ ओल्या भिंतीसमोर बसून होता. मनात एक वेगळंच चक्र सुरू झालं. भंते आजच का आले? नेमकं डागावरच पाणी का ओतलं? केवळराम विहाराच्या कंपाउंडचं काम करून गेला होता. हेडाऊची सून दर पौर्णिमेला विहारात जाते. म्हणजे बोलणं झालं असणार. तिघं एक झाले असतील तर? आणि नसतील, तर मग एवढ्या खात्रीने…

त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण त्या लाजेने संशय काही गेला नाही. फक्त संशय आता हळू आवाजात बोलू लागला.

तरी त्याने कुलूप काढलं. भंतेंचं ऐकलं म्हणून नाही. उंदराच्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवतात, तसं.

दोन-तीन दिवस त्याने जाऊ दिले. मग एके दुपारी, जेवण झाल्यावर, त्याने मोठ्याने सांगितलं, “तहसीलमध्ये जाऊन येतो. उशीर होईल.” चपला घातल्या. फाटक वाजवलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, हेडाऊच्या घरामागून वळून परसात आला आणि मागच्या दाराने, चपला हातात घेऊन, आत शिरला. मधल्या खोलीतूनच वाट असलेली धान्याची कोठडी होती. मधे नुसता पडदा. तो तांदळाच्या पोत्यांमागे बसला.

दुपार शांत होती. कुठेतरी कोणी मिरच्या कांडत होतं.

त्याचं लक्ष पुढच्या दाराकडे होतं. येणारा तिकडूनच येणार. केवळरामची पावलं जड, त्याला ओळखू आली असती. हेडाऊ खोकतो. भंतेंनी कोणाला पाठवलं तर…

पावलं वाजली. ती पुढच्या दाराकडून नव्हती. स्वयंपाकघराकडून होती.

पंचफुला आत आली. हातात पाण्याची बादली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा.

तिने तो पाण्यात बुडवला. पिळला नाही. दोन्ही तळव्यांवर पसरून भिंतीवर ठेवला आणि दाबून धरला. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. फडकं कोरडं वाटलं की पुन्हा बादलीत, पुन्हा भिंतीवर.

सापडलं!

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच. आयुष्यभर खोटं वजन हाती लागलं की छातीत जो ठोका पडायचा, तोच ठोका. तो जवळजवळ उठलाच. दुसरी किल्ली! ती त्यानेच तिच्या हातात दिली होती, तांदळाच्या डब्यात ठेव म्हणून. सगळं जुळलं. एकही धागा सुटला नाही.

आणि मग तो तसाच, अर्धवट उठलेला, पोत्याला धरून राहिला.

पकडलेल्या दुकानदाराच्या डोळ्यांत एक गोष्ट त्याने नेहमी पाहिली होती. दाराकडे पळणारी नजर. पंचफुला दाराकडे एकदाही पाहत नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते.

पोतं सरकलं. आवाज झाला.

तिने डोळे उघडले. पडदा बाजूला झाला होता. तिने फडकं खाली ठेवलं नाही.

“पाह्यलं?” तिने विचारलं.

“काहून?” त्याच्या तोंडून एवढंच निघालं. एवढ्या वर्षांच्या सरकारी भाषेखालून घरची बोली वर आली.

“खोली झाली की भाडेकरू येनार म्हनता.”

“मग?”

“मंग उत्पला आली तं निजल कुठं?”

कांडणाऱ्या मुसळाचा आवाज थांबला होता.

“ती येत नाही,” तो म्हणाला.

“बोलावलं कवा तुमी तिले?”

तो पोत्यावर बसला. फडक्यातलं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं.

“केवळरामला मी चोर म्हटलं,” तो शेवटी म्हणाला. “हेडाऊची न्हाणी फोडायला लावली. तू पाहत होतीस.”

“होय.” तिचा आवाज खाली गेला. “तवा अन्न गोड नाही लागलं. आताही लागत नाही.”

“मग बोलली काहून नाहीस?”

“बोलली असती तं तुमी काय केलं असतं?”

त्याने तोंड उघडलं.

“तुमी इचारलं असतं,” ती म्हणाली, “कोनी शिकवलं.”

त्याने तोंड मिटलं.

ती बादली उचलून आत गेली. तो बसून राहिला. समोर ओली भिंत. इतके दिवस ज्या डागात त्याला एकेकाचे चेहरे दिसले होते, त्यात आता कोणाचा चेहरा दिसत नव्हता. हात लावून पाहावं असं वाटलं. लावला नाही.

संध्याकाळी तो केवळरामच्या घरी गेला. केवळराम अंगणात सायकलची साखळी बसवत होता. त्याने बस म्हटलं नाही.

“चूक माझी होती,” प्रल्हाद म्हणाला. “रेतीही चांगली होती, कामही.”

“मंग ओल कोनाची निंगाली?”

“माझ्याच घरची,” प्रल्हाद म्हणाला. “आणखी विचारू नको.”

केवळरामने साखळी ताणली. काळ्या हातांनी घाम पुसला. “साहेब, मले चोर म्हनलं कुठं तुमी?”

“टपरीवर.”

“अन् चूक झाली म्हनून सांगता इथं. माह्या अंगनात. कुत्र्याच्या समोर.” खरंच एक कुत्रं उंबऱ्याशी झोपलं होतं. “गुरनुलेच्या घरचं काम गेलं माह्या हातचं. लोक म्हनतात, खोब्रागडे साहेबाची नजर चुकत नाही.”

प्रल्हाद दुसऱ्या दिवशी टपरीवर गेला. गर्दीच्या वेळी. केवळराम बाकावर बसला होता, त्याच्याकडे न बघता. टपरीवाल्याने पुढे केलेला चहाचा ग्लास प्रल्हादने घेतला नाही. उभ्याने, बाजारात दुकानदारांना दमात घ्यायचा त्याच आवाजात त्याने सांगितलं, “माझी नजर चुकली. मिस्त्री खरा आहे.” एकाने विचारलं, “काय झालं साहेब?” त्याने तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज कमी निघाला.

केवळरामने चहा संपवला. “सोमवारपासून येतो,” तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

हेडाऊच्या न्हाणीची फरशी प्रल्हादने बसवून दिली. हेडाऊ बोलला नाही. त्याच्या सुनेने मात्र पाणी विचारलं.

तुमसरला फोन करणं सगळ्यांत अवघड गेलं. नंबर त्याच्याकडे नव्हताच. पंचफुलाच्या फोनमध्ये होता, ‘गॅसवाला’ या नावाने. तिने तो त्याच्यापुढे धरला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता आणि त्याच्या तोंडी प्रश्न आला नाही.

“आईला काही झालं?” उत्पलाने पहिलं विचारलं.

“नाही. ती बरी आहे.”

“मग तुम्ही कसे? आईच्या फोनवरून?” तिचा आवाज कोरडा झाला. “घर विकताय? माझी सही पाहिजे?”

“नाही.”

“मग काय पाहिजे? खरं सांगा, बाबा.”

तो ऐकत राहिला. तो आवाज त्याला चांगला ओळखीचा होता. शब्दांच्या मागे जाऊन चाचपणारा, तळाशी पोचा आहे का बघणारा. त्याने तो तिला शिकवला नव्हता. तिने घरात राहून घेतला होता.

“मधल्या खोलीच्या भिंती होत आल्या आहेत,” तो म्हणाला. “रंग लावायचा आहे. कोणता लावू?”

“मला का विचारता?”

“तुझी खोली आहे.”

फोन बंद झाला. तुटला की तिने ठेवला, ते त्याला कळलं नाही. त्याने पुन्हा लावला नाही. पंचफुला दारात उभी होती. त्या दिवसापासून तिने बादली भरली नाही.

भिंत सुकली. सुकायची होतीच.

केवळराम आला. त्याने चौथी भिंत खरवडली, पाण्याने सैल झालेला भाग काढून पुन्हा भरला, पुट्टीचा पहिला हात दिला, दुसरा दिला, घासली. पांढरी धूळ घरभर झाली, भाताच्या पातेल्यातसुद्धा. प्रायमर लावून झाला आणि मग काम थांबलं. रंग ठरला नव्हता. भाडेकरूला प्रल्हादने नाही म्हणून कळवलं होतं. खोली तशीच राहिली, पांढरी, रिकामी, दार उघडं टाकून.

अशीच एक सकाळ. फाटक वाजलं.

उत्पला होती. मागे तिचा नवरा, रोशन. प्रल्हाद त्याला पहिल्यांदा पाहत होता. त्याच्याबद्दल सगळी माहिती काढलेली होती, पण तो असा किडकिडीत असेल आणि चपला काढताना भिंतीचा आधार घेईल, हे त्या माहितीत कुठे नव्हतं.

“राहायला नाही आले,” उत्पला दारातच म्हणाली. “पाहायला आले.”

“पाहा,” प्रल्हाद म्हणाला.

पंचफुलाने तिला धरलं. दोघी नुसत्या धरून उभ्या राहिल्या. मग उत्पला मधल्या खोलीत गेली. तिची लाकडी मांडणी नव्हती, खिडकीचा हिरवा रंग नव्हता. ती चारी भिंतींपाशी जाऊन आली.

“काहीच नाही राहिलं,” ती म्हणाली.

“नाही,” तो म्हणाला. “सगळं काढलं मी.”

“मला न विचारता.”

“हो.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. पुढे काहीतरी कारण येईल, सबब येईल, अशी वाट बघत. काहीच आलं नाही. मग ती खाली, जमिनीवरच, भिंतीला टेकून बसली. पांढरी धूळ तिच्या पाठीला लागली. पंचफुला तिच्याजवळ बसली.

रोशन दारात उभा होता. त्याची नजर छताकडे गेली. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मग भिंतीवरून खाली.

मापतोय, प्रल्हादच्या मनात आलं. खोली मापतोय!

शब्द घशापर्यंत आला. तोच ठोका, छातीत, तसाच. त्याने दाराची चौकट धरली.

“पंख्याचं बटण कुठं आहे?” रोशन हळूच म्हणाला. “तिला घाम आला आहे.”

पंख्याचं बटण बाहेर होतं. प्रल्हादने जाऊन लावलं. बोटं ओलसर झाली होती. त्याने ती सदऱ्याला पुसली.

ती दोघं जेवून गेली. जाताना उत्पला म्हणाली, “रंग फिका लावा. दिवाळीत येईन तेव्हा पाहीन.” येईन म्हणाली. बघू म्हणाली नाही.

रंग लागला. फिका, ताकासारखा. केवळरामने शेवटचा हात फिरवला आणि लांब उभा राहून डोकं हलवलं. गुरनुलेच्या घरचं काम त्याला परत मिळालं नव्हतं, पण दुसरं एक मिळालं होतं.

त्यानंतर प्रल्हाद विहारात गेला. बऱ्याच दिवसांनी. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, हातात फुलं. भंते उपसेन ओट्यावर बसले होते. पिंपळाची पानं अंगणात पडली होती. प्रल्हादने वंदन केलं आणि सगळं सांगितलं. कोठडीतलं, टपरीवरचं, फोनवरचं. फक्त दाराची चौकट धरली होती, तेवढं सांगायचं राहिलं.

“तुम्हाला माहीत होतं, भंतेजी? ती पंचफुला आहे म्हणून?”

“नाही.”

“मग पाणी का ओतलंत?”

भंते अंगणाकडे पाहत राहिले.

प्रल्हाद थोडा सरसावून बसला. चेहरा उजळला होता. एखादं मोठं काम उरकून आल्यासारखा.

“एक गोष्ट मात्र झाली,” तो म्हणाला. “आयुष्यभराचा रोग गेला. आता कोणावर म्हणून कोणावर माझा संशय नाही. मूळच उपटून टाकलं. मन कसं… कोरडं, गुळगुळीत झालं आहे. रोशनवरसुद्धा नाही. स्वतःवरही नाही.”

भंतेंनी ओट्यावर पडलेलं एक पान उचलून बाजूला ठेवलं.

वाऱ्याने आणखी काही पानं खाली आली…

“तुम्हाला खरं वाटत नाही?” प्रल्हादने विचारलं. आवाजाला जुनी धार आली होती. “कोणी काही सांगितलं का तुम्हाला?”

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच थोडे हसले.

“तुझा संशय गेला असेल,” ते म्हणाले. “मला थोडा आहे.”